इस्त्री केलेला वास

बाळांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला ते बाबांकडून वाचून घ्यावं लागेल. बाबा मध्येच हसून थांबले तर त्यांना पुढे वाचायला लावा. इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं, जन्मभर शाळेत मी तीच भाषा शिकवली. पण या हकिकतीतली सगळी भांडणं मराठीत झाली आहेत, आणि भांडण दुसऱ्या भाषेत नेलं की दोन्ही बाजू उगाच सभ्य वाटायला लागतात.

आत्ताच लिहायचं कारण आजोबा. रविवारी तुम्ही फोनवर सांगितलंत की पुढच्या महिन्यात तुमच्याकडे मांजराचं पिल्लू येणार, आणि घरातल्या मोठ्या मांजराशी त्याची ओळख कशी करून द्यायची, असं तुमच्यातल्या धाकट्या जिवाने आजोबांना विचारलं. मी स्वयंपाकघरात होते. आजोबांचा आवाज ऐकू आला, "त्यात काय आहे? शांतपणे जवळ बसवायचं आणि समजावून सांगायचं. मी तसंच केलं होतं." मी पळी हातात घेऊनच बाहेर आले, पण तोवर फोन संपला होता.

आजोबांनी कुणालाही काहीही समजावून सांगितलेलं नाही. शांतपणे तर नाहीच. त्या प्रसंगी त्यांच्या हातात धुपाटणं होतं आणि ते हॉलमधून पळत होते. तुमचं पिल्लू यायच्या आत हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं, म्हणून आज दुपारची झोप सोडून बसले आहे.

तेव्हा आमच्या चेन्नईतल्या, नुंगंबाक्कमच्या या घरात दोन मांजरं होती आणि दोन्ही आजोबांची होती.

पहिली थोरली. करड्या रंगाची, रुंद तोंडाची, चालताना कधी घाई न करणारी. ती मूळची तंजावरची. आजोबांची मोठी बहीण, म्हणजे सगळ्यांची अक्का, तिथे एकटीच राहायची आणि थोरली तिच्याजवळ असायची. अक्का गेली, दिवसकार्य उरकलं, आणि आजोबा परत आले ते एका हातात थोरली आणि दुसऱ्या हातात अक्काची वेताची टोपली घेऊन. ही टोपली घुमटासारखी असते. शुक्रवारी अक्का तेल लावून न्हायची, धुपाटण्यात सांबराणी, म्हणजे आपला ऊद, जाळायची, त्यावर टोपली उपडी ठेवायची आणि टोपलीवर ओले केस पसरून बसायची. वेताच्या भोकांतून धूर वर येतो आणि केस वाळता वाळता सुगंधी होतात. हे सगळं चालू असताना थोरली शेजारी बसून असायची.

माझं माहेर सोलापूरचं. आजोबांच्या घरची मराठी वेगळी, जुन्या वळणाची, मध्ये तमिळ शब्द पेरलेली आणि सुरात तर पुरती तमिळच. अक्का गेल्यावर ती बोली बोलायला आजोबांना या घरात थोरलीच उरली होती. "ये गे. बैस गे. जेवलीस का गे?" असं दिवसभर चालायचं. मी कधी त्याच सुरात उत्तर द्यायला गेले, तर दोघंही माझ्याकडे असं बघायचे, की मी परत माझ्या मराठीवर यायची.

दुसरा बोका. पिवळा, डोकं नारळाएवढं, आणि छातीत धडकी अशी की विचारू नका. तो एकदा बाल्कनीतून आत आला आणि परत जायचा रस्ता अवघड आहे म्हणून राहिला. मिक्सरला भ्यायचा, कुकरच्या शिट्टीला भ्यायचा, दारात पाहुण्यांच्या चपला दिसल्या तरी कपाटाखाली जायचा.

या दोघांच्या वाट्या मी भरायची, त्यांची वाळू मी बदलायची. तरीही मी खोलीत शिरले की दोघं माझ्यावरून नजर नेऊन माझ्या मागे कुणी येतंय का ते बघायचे.

पिल्लाची गोष्ट जनरेटरमुळे सुरू झाली. खालच्या जनरेटरच्या खोलीतून जळका वास येतो अशी माझी तक्रार होती. ती मी सोसायटीच्या सेक्रेटरींना तोंडी सांगितली, मग लिहून दिली, मग एक दिवस स्वतःच छत्री घेऊन बघायला गेले. वास कसला होता ते अजून कळलेलं नाही. मात्र मशीन पुसायच्या चिंध्यांच्या ढिगात एक तेलकट गोळा होता आणि तो डोळे उघडून माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे. माझ्या मागे कोण आहे हे त्याला बघायचंच नव्हतं. मी जिना चढायला लागले तर तोही चढायला लागला. प्रत्येक पायरीला आधी पुढचे पाय, मग पोट, मग बाकीचा ऐवज.

आजोबांनी दार उघडलं.

"हे काय आणलंस?"

"आणलं नाही. आलं."

"कुठून?"

"खालून."

"मग खाली जायचा रस्ता त्याला ठाऊक असेल."

"ठाऊक आहे. आवडत नाही."

आजोबांनी खाली वाकून त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "थोरलीला विचारलंस?"

ही चेष्टा नव्हती. ते खरंच विचारत होते.

थोरलीला विचारायच्या आधी पिल्लाला स्वच्छ करणं भाग होतं. कोमट पाणी, तुमचाच राहिलेला बाळांचा शाम्पू, आणि तीन पाण्यांनंतर पिल्लू पांढरं निघालं, पाठीवर काळे ठिपके असलेलं. मग पुढचं आपोआप झालं. सोलापूरला आमच्या घरी बाळाला न्हाऊ घातलं की निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायची पद्धत होती. तुमच्या बाबांना मी तशीच दिली. ओलं, थरथरणारं, तळहाताएवढं काही हातात आलं की माझे हात तेच करतात. गॅसवर करवंटी पेटवली, निखारे केले, चिमूटभर ओवा टाकला आणि पिल्लाला टॉवेलात धरून जरा लांबून शेकलं.

मग त्याला हॉलमध्ये ठेवलं.

बोका आला, त्याने लांबून वास घेतला आणि स्वयंपाकघरात गेला. तिथे मसाल्याच्या फडताळासमोर बसून तो एकेक बरणी बघायला लागला. ओव्याची बरणी जागेवर होती, त्यामुळे त्याचा गोंधळ आणखी वाढला. थोरली आली, पिल्लाच्या डोक्यावर एकदाच चापट मारली, शिंकली, आणि आजोबांच्या खोलीत निघून गेली. विचारायचं ते विचारून झालं होतं.

त्या संध्याकाळी, तुमच्यातली जी मोठी आहे तिने, म्हणजे तू, मला फोनवर सगळं नीट समजावून सांगितलंस. पिल्लू वेगळ्या खोलीत ठेवायचं. दाराच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे जेवण द्यायचं, म्हणजे एकमेकांचा वास आला की पोट भरतं हे त्यांना कळतं. आणि मुख्य म्हणजे कापड. एक टॉवेल पिल्लाच्या अंगावर फिरवायचा आणि मोठ्यांच्या बसायच्या जागी ठेवायचा, एक मोठ्यांच्या अंगावर फिरवायचा आणि पिल्लाला द्यायचा. वास ओळखीचा झाला की दार उघडायचं. तू किती छान सांगितलंस! मी शाळेत वर्षानुवर्षं वेळापत्रकं केलेली. लगेच कागद घेऊन मांजरांचंही वेळापत्रक केलं आणि फ्रिजवर लावलं.

इस्त्रीच्या टेबलाची खोली पिल्लाला दिली. समोरच्या घरातल्या मामी, म्हणजे आमच्या तमिळ शेजारीण, वाटी परत द्यायला आल्या आणि बंद दार, दाराच्या दोन्ही बाजूंना वाट्या आणि माझ्या हातातले टॉवेल बघून उभ्या राहिल्या.

"पाहुणे आहेत का आत?"

मी सांगितलं.

"बरं, बरं. म्हणजे मुलगी अजून दाखवायची आहे," मामी म्हणाल्या. "पत्रिका जुळवली का?"

"मामी, हे शास्त्र आहे."

"पत्रिकेलाही शास्त्रच म्हणतात."

आता टॉवेलचं ऐका. मी चार पांढरे टॉवेल काढले. एक पिल्लाच्या अंगावरून फिरवला, गाल, पाठ, पोट, सगळीकडून. मग तो थोरलीला द्यायचा होता. बाळांनो, आपल्या घरात कुणाचं अंग पुसलेलं कापड कुणी तसंच दुसऱ्याच्या हातात दिलेलं तुम्ही बघितलं आहे का? मी नाही बघितलं. मी तो टॉवेल साबणात भिजवला, धुतला, जंतुनाशकाच्या पाण्यातून काढला, उन्हात वाळवला, इस्त्री केली, चौकोनी घडी घातली आणि थोरलीच्या जागी ठेवला. थोरलीच्या अंगावरून फिरवलेल्याचंही तेच. आलटून पालटून, वेळापत्रकाप्रमाणे, एकदाही न चुकता.

आणि काय सांगू, फळ लगेच दिसलं. थोरली त्या घडीवर जी चढून बसायची ती उठायची नाही. बोकाही येऊन कडेला टेकायचा. पिल्लू आपल्या टॉवेलवर पाय पसरून झोपायचं. मी तुला कळवलं, "थोरली आता पिल्लाच्या वासावर झोपते." तू म्हणालीस, "आजी, यू आर अ जीनियस!" मी ते आजोबांना दोनदा सांगितलं.

आजोबा पेपर वाचत म्हणाले, "इस्त्रीची ऊब असते त्यात."

मी लक्ष दिलं नाही.

दार उघडायचा दिवस आला. मी हॉल आवरला. मामी साक्षीदार म्हणून आल्या आणि मी कॉफी केली. आजोबा त्यांच्या खुर्चीत, थोरली त्यांच्या पायाशी इस्त्रीच्या घडीवर, बोका खिडकीत. मी दार उघडलं. पिल्लू शेपटी उभी करून बाहेर आलं, हॉलच्या मधोमध थांबलं आणि इकडे तिकडे बघायला लागलं, वरातीत नवरामुलगा घोड्यावरून बघतो तसं.

थोरलीने असा आवाज काढला की बोक्याला वाटलं कुकर फुटला. तो पडद्यावर चढला. पडदा दांडीसकट खाली आला, दांडी कॉफीच्या ट्रेवर पडली, आणि बोका पडद्यात गुंडाळलेल्या अवस्थेत बाल्कनीकडे धावला. तुम्हाला सांगते, पडदा एकटा पळताना दिसतो तेव्हा माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही. मामी "अय्यो!" म्हणून सोफ्यावर पाय घेऊन बसल्या. पिल्लाला वाटलं हा खेळ आहे, म्हणून ते आनंदाने थोरलीच्या अंगावर धावून गेलं. थोरली आजोबांच्या मांडीवर, तिथून खांद्यावर, तिथून आतल्या खोलीत, आणि तिथल्या लोखंडी कपाटाच्या माथ्यावर.

मामी म्हणाल्या, "पत्रिका बघायला हवी होती."

मी तुला फोन लावला. आठवतं ना?

"आजी, वास ओळखीचा झाल्यावर असं व्हायला नको. टॉवेल किती वेळा बदललेस?"

"रोज. धुऊन, इस्त्री करून."

 

"आजी. धुऊन म्हणजे... द्यायच्या आधी?"

"मग काय मळका देऊ?"

त्यानंतर तू जो आवाज काढलास तो हसण्याचा होता हे मला नंतर कळलं. आधी वाटलं तुला ठसका लागला. म्हणजे इतके दिवस थोरलीला पिल्लाची ओळख म्हणून मी साबणाची ओळख करून देत होते. आमच्या घरात साबणावर कुणाचा राग नव्हता.

इथपर्यंत हसायचं होतं. पुढे नाही.

थोरली कपाटावरून उतरेना. दुसऱ्या दिवशीही नाही आणि त्याच्या पुढेही नाही. ती अक्काच्या घरची, त्यामुळे दहीभात तिचा जीव की प्राण. आजोबा स्टुलावर चढून वाटी वर धरायचे. "खा गे. एक घास खा गे." ती वाटीकडे बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. पिल्लाला परत इस्त्रीच्या खोलीत ठेवलं, तरी तिचं तेच. जनावरांच्या डॉक्टर बाई घरी येऊन गेल्या. त्या म्हणाल्या, या वयात मांजर उपाशी राहिलं तर लिव्हरवर जातं, वाट बघत बसू नका, औषधाने खाल्लं नाही तर दवाखान्यात ठेवावं लागेल.

दार लावून घेतल्यावर आजोबा मला म्हणाले, "शुक्रवारी पुतण्या येतोय, त्याच्याबरोबर पिल्लू पाठवू या." हा पुतण्या शहराबाहेर गुम्मिडिपूंडीला कारखान्यात आहे. तिथल्या गोदामात उंदीर फार, आणि कामगारांचं मांजरांवर प्रेम, असं आजोबांनी सांगितलं. ते मला पटावं म्हणून सांगत होते की स्वतःला, ते कळलं नाही, कारण ते सांगताना बघत होते पेपरकडे आणि पेपर उलटा होता.

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? थोरली गेली असती तर हे घर आजोबांसाठी एकदम गप्प झालं असतं. त्यांची बोली ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

पण त्या दिवशी मी इस्त्रीच्या खोलीत गेले, तर पिल्लू धावत येऊन माझ्या पदराच्या टोकावर बसलं आणि मान वर करून बघायला लागलं. मी उशा सरळ करत राहिले. त्या खोलीत एकच उशी होती.

शुक्रवार उजाडला. इथे आल्यापासून माझंही शुक्रवारचं न्हाणं असतं, सासूबाईंनी लावलेली सवय. त्या दिवशी मनात काही नव्हतं, पण हात नेमाने चालतात. तेल लावलं, न्हायले, करवंटीचे निखारे केले आणि टोपली काढली. दुकानातली सांबराणी संपली होती. कपाटात अक्काचा पितळी डबा होता, तिने स्वतः कुटून भरलेला. आजोबांनी तो टोपलीत घालून आणला तेव्हापासून उघडला नव्हता. आणि मीही त्यांना न विचारता कधी हात लावला नव्हता. त्या दिवशी काढला.

पिल्लू जायचं म्हणून त्याला सकाळपासून मोकळं ठेवलं होतं. बोक्याला बाल्कनीत काचेच्या दारापलीकडे बंद केलं होतं. राख उडू नये म्हणून पंखे बंद होते. मी चिमूटभर सांबराणी निखाऱ्यावर टाकली, धुपाटण्यावर टोपली ठेवली, डबा शेजारी ठेवला आणि केस पसरले. पिल्लाने केसांची टोकं हलताना बघितली. त्याने उडी मारली, टोपली कलंडली, डबा आडवा झाला आणि अक्काची सगळी सांबराणी निखाऱ्यांवर पडली.

धूर म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आधी पिल्लू दिसेनासं झालं, मग टोपली, मग माझे स्वतःचे हात. आजोबा आतून ओरडले, "अगो! कुठे आहेस?"

"इथेच आहे! पिल्लावर पाय देऊ नका!"

"पिल्लू कुठे आहे?"

"ते माहीत असतं तर सांगितलं नसतं का?"

मामींनी समोरून "आग! आग!" अशी हाक दिली. वॉचमन वाळूची बादली घेऊन वर आला आणि कुठे ओतायची ते दिसेना म्हणून तशीच धरून उभा राहिला. मी चाचपडत मुख्य दार सताड उघडलं, खिडक्या उघडल्या, आणि आम्ही सगळे खोकत धूर पातळ व्हायची वाट बघत राहिलो.

तो पातळ झाला तेव्हा हॉलच्या मधोमध टोपली उपडी पडली होती, तिची एक कड जळून काळी झाली होती, आणि टोपलीशेजारी थोरली बसली होती. शेपटी पायांभोवती घेऊन, ताठ, जशी अक्काजवळ बसायची तशी.

आजोबा म्हणतात, तिला अक्काचा वास आला म्हणून ती उतरली. मी म्हणते, धूर वर जातो आणि कपाटाच्या माथ्यावर तिला गुदमरलं म्हणून उतरली. यावर आमचं अजून एकमत नाही. तुम्ही आजोबांना विचारू नका, ते परत समजावून सांगायला लागतील.

सोफ्याखालून पिल्लू बाहेर आलं. कुणी हललं नाही. पिल्लू थोरलीच्या समोर जाऊन बसलं. थोरलीने त्याचं नाक हुंगलं, कान हुंगले, पाठ हुंगली. मग स्वतःचा पंजा हुंगला. मग परत पिल्लाला. दोन्हींचा वास एकच होता. घरात त्या घटकेला सगळ्यांचाच वास एकच होता, आजोबांचा, माझा, मामींचा आणि वॉचमनच्या बादलीचासुद्धा. थोरलीने पिल्लाची मान पंजाखाली दाबली आणि ते चाटायला लागली. प्रेमाने नव्हे हं. दुसऱ्या कुणीतरी वाईट धुतलेलं भांडं आपण परत घासायला घेतो, तशी.

आजोबा पाठ फिरवून डोळे पुसत होते. धुराने, म्हणाले.

मी बाल्कनीचं दार उघडलं आणि बोका आत आला. या सगळ्यात तो बाहेर होता, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या अंगाला सांबराणीचा वास नव्हता. इतकी वर्षं एका ताटात जेवलेली थोरली त्याला हुंगून फिस्कारली. आणि तिच्या पायांमधून तोंड काढून ते वीतभर पिल्लूही फिस्कारलं. या घरात हा परका कुठून आला, असं दोघांचं म्हणणं होतं.

"आता याला धुरी द्या," मामी म्हणाल्या. जणू हे त्यांच्याकडे रोजच असतं.

आजोबांनी धुपाटणं उचललं. बोका पळाला. "थांब रे, तुला काही करत नाही! अगो, तिकडून अडव!" मी अडवलं. "अहो, हळू! आरती ओवाळतात तसं फिरवा!" आजोबा धुपाटणं ओवाळत सोफ्याला प्रदक्षिणा घालत होते, बोका पुढे, आजोबा मागे, मामी पदराने वारा घालून धूर बोक्याकडे ढकलत होत्या, आणि वॉचमन बादली खाली ठेवायची विसरला होता.

नेमका तेव्हा पुतण्या आला. दार उघडंच होतं. त्याने आतलं दृश्य बघितलं, चपला काढल्या, काखेतला पुठ्ठ्याचा खोका खाली ठेवला आणि हात जोडून उभा राहिला. धुपाटणं त्याच्या समोरून गेलं तेव्हा त्याने आरती घेतात तशी त्यावर हात फिरवून डोळ्यांना लावले.

"काकू, आज काय विशेष?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही. बोक्याला धुरी."

"बरं, बरं." त्याने परत नमस्कार केला. बोका शेवटी मामींच्या पदरात सापडला आणि सुगंधी झाला, तेव्हा पुतण्याने विचारलं, "काका, ते पिल्लू कुठलं न्यायचं?"

आजोबांना दम लागला होता. त्यांनी खुर्चीवर बसून त्याच्याकडे नीट बघितलं.

"कसलं पिल्लू?"

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी कॉफी करायला आत गेले. कॉफी होईपर्यंत थोरलीने वाटीतला दहीभात खाल्ला. स्वतःच्या वाटीतला नव्हे, पिल्लाच्या. पिल्लाने मग तिच्या वाटीतला खाल्ला. वेळापत्रकात हे कुठेच नव्हतं. पुतण्याला रिकामा खोका परत कसा द्यायचा, म्हणून मी त्यात एक लाल भोपळा घातला. तो गुम्मिडिपूंडीपर्यंत मांडीवर घेऊन गेला म्हणे.

डॉक्टर बाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला धुरावरून असं झापलं, की जणू सुपरवायझरने वर्गात यावं आणि फळ्यावरचं सगळं पुसून टाकावं. मांजरांच्या फुप्फुसांना धूर वाईट. तेव्हा तुम्ही धूर करायचा नाही, सांबराणीचाही नाही आणि ओव्याचाही नाही. तुझ्या त्या टॉवेलच्या सूचना बरोबर आहेत, फक्त टॉवेल धुवायचा नाही. मला मनावर दगड ठेवून लिहावं लागतंय, पण मळकाच द्यायचा. आणि आजोबांनी पिल्लाजवळ बसून समजावून सांगायला सांगितलं तर हो म्हणायचं आणि फोन ठेवायचा.

थोरली मागच्या थंडीत गेली. झोपेत, आजोबांच्या पायाशी. बोका आहे, आता म्हातारा झाला आहे आणि मिक्सरला तेवढाच भितो. शुक्रवारी न्हाऊन मी टोपली काढते. धूर करत नाही, नुसती टोपली उपडी ठेवून तिच्यावर केस पसरते, आणि पिल्लू येऊन शेजारी बसतं. ते आता चांगलं दांडगं झालं आहे. खुर्चीतून आजोबा त्याला म्हणतात, "बैस गे." ते बैस म्हणायच्या आधीच बसलेलं असतं. टोपली तीच आहे, कडेला जळलेली.